पोत्यातली माती

माझ्या धाकट्या दिराने मला फसवलं. मुंबईच्या दुकानदाराने नाही.

भाईंदरजवळच्या आमच्या डोंगरी गावात अजूनही सांगतात की दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर एका बाईने मुंबईहून जमीन खणायचं इंजिन आणलं आणि शेटजीने तिच्या गळ्यात खेळणं बांधलं. सांगणाऱ्यांना हसू येतं. मला येत नाही, रागही आता पूर्वीसारखा येत नाही. पण गोष्ट चुकीची सांगितली जाते आणि ज्याच्या नावावर लागायला हवी त्याच्या नावावर ती लागत नाही, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आमचं घर एका आढ्याखाली दोन भागांत होतं. एका भागात मी, दुसऱ्यात दीर, जाऊ आणि त्यांची मुलं. सासूबाई दोन्हीकडे जेवत. मागे गोड्या पाण्याची विहीर आणि विहिरीला लागून माझा परस. दिराची वाडी विहिरीपासून दूर, माडांच्या पलीकडे. माझा नवरा जहाजावर इंजिनखान्यात होता. लढाईत ते जहाज परत आलं नाही. कंपनीचं पत्र आलं, ते फादरनी वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. दोन्ही वेळा त्यात तेच होतं. त्यानंतर मला फार दिवस काहीच वाटलं नाही. सकाळी उठायचं, पाणी काढायचं, भाजी खुडायची. हात आपले आपण चालत होते.

कंपनीने भरपाई दिली. ती मी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि वर त्याचा कोट ठेवला. तिला हात लावायची वेळ येऊ नये म्हणून डोक्यावर पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायला लागले. पहिल्या वर्षी एक पाटी होती. पुढे गावातल्या आणखी बायकांचा माल मीच उचलायला लागले, भाड्याची बैलगाडी ठरवली, काशीगावचे व्यापारी माझ्याकडे माल मागायला लागले. मला शिकवणारं कोणी नव्हतं. भाव करताना मी आवाज चढवत असे आणि समोरच्याने चढवला तर पाटी उचलून चालायला लागत असे. तो मागून हाक मारेपर्यंत वळून बघायचं नाही, एवढंच मला येत होतं. तेवढं पुरलं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गोडदेवच्या अलीकडे बैलगाडीचं चाक बांधावरून घसरलं. मी मुळ्याच्या पाट्यांसकट खाली आले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण नीट बसलं नाही. हात खांद्याच्या वर जाईना. पाटी डाव्या बाजूने तोलायला मी शिकले. कुदळ मात्र डोक्याच्या वर न्यावी लागते, तिथे काही शिकता येत नाही.

आणि माझ्या परसाला कुदळ लागायची. पिवळट चिकणमाती ती. पाऊस असेपर्यंत लोण्यासारखी, आणि पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत विटेसारखी. आगेऱ्याचा सण, म्हणजे भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात तो रविवार, झाला की परस उलथायचा, वाफे करायचे आणि मुळा, माठ, वांगी लावायची. नाताळची भाजी त्याच परसातली हवी, असं आमच्या घरात होतं. आणखी दोन गोष्टी होत्या, दोन्ही सासूबाईंच्या. एक, विहिरीचं पाणी घर पितं म्हणून त्या परसात मासळीचं खत कधी टाकायचं नाही. गावातल्या बाकी सगळ्या वाड्यांत टाकायचे, बोंबलाची डोकी, मांदेली, जे उरेल ते. आमच्या परसात फक्त शेण आणि पालापाचोळा. दुसरी गोष्ट, विहिरीजवळ बाहेरचा हात नको, म्हणून मजूर लावायचा नाही. घरातला जो कसेल, त्याचा परस.

त्या वर्षी पाऊस ओसरायला लागला तेव्हा सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत म्हणाल्या, "तुला जमाचा न्हाय आता. तो करील."

"तो" म्हणजे दीर. तो समोरच जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मना काय, वैनी सांगल तसा."

"वैनी सांगते की परस माझा आहे," मी म्हटलं.

"मंग कस ना तो," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठं न्हाय बोलतंय? पन नाताळला त्याच्यात भाजी दिसली पायजे. पडीक ठेवलास तर त्याचा."

यात अन्याय नव्हता. घराची रीत होती आणि मी या घरात आले तेव्हापासून ती चालू होती. पण परस गेला असता तर मी त्या घरात स्वतःचं काहीही न पिकवणारी, दुसऱ्यांच्या पाट्या वाहणारी बाई उरले असते. नवऱ्याच्या वाटणीचं त्या घरात दुसरं काही नव्हतं. ट्रंक, कोट आणि परस.

इंजिनाच्या नांगराबद्दल मला बाजारात कळलं. मिठागरावरच्या एका कारकुनाने सांगितलं की मुंबईत पंप आणि इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात परदेशी यंत्रं आली आहेत, पेट्रोलवर चालतात, माणूस मागे उभा राहून धरतो आणि खाली पाती फिरून माती उलथते. बंगल्यांच्या बागांसाठी साहेब लोक घेतात. मी त्याला विचारलं, बाईला धरता येईल का. तो म्हणाला, साहेबाच्या मडमेला येतं. मडमेला येतं तर मला का येऊ नये.

मी घरी आले आणि ट्रंक उघडली. कोट बाजूला ठेवला. मला वाटलं होतं की त्या वेळी काही तरी होईल, निदान हात थांबेल. काही झालं नाही.

जेवणानंतर ओट्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की आगेरा झाला की मी मुंबईला जाते आणि यंत्र आणते. दीर हसला नाही. त्याने बारकाईने विचारलं, किती जड असतं, कसं चालू करतात, पेट्रोल कुठून आणणार. पेट्रोल तेव्हा परमिटावर मिळे. मी म्हटलं, मिठागरावरून थोडं मिळेल, माझं बोलणं झालं आहे. तो म्हणाला, "वैनीचा डोका हाय." मला ते बरं वाटलं होतं. हे लिहून ठेवते.

मी आंधळेपणाने काही विकत घेत नाही. कापड घेताना पाण्यात बुडवून बघते, तांदूळ घेताना चावून बघते. म्हणून ठरवलं की यंत्र घ्यायला जाताना परसातली माती सोबत न्यायची. दुकानदाराला म्हणायचं, ही माझी जमीन, हिच्यावर बोल. खांद्यामुळे मला खणता येत नव्हतं, तेव्हा दिराला सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितला होता: परसाच्या मधोमध, हातभर खोल, ढेकळं न फोडता.

"काढतो ना," तो म्हणाला. "तू मिस्साला जा."

मी चर्चमधली मिस्सा आटपून आले तेव्हा पोतं बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं, तोंड काथ्याने आवळून, वरून पाणी मारून. आमच्याकडे भाजी असो की मासळी, जे बाजारात जातं त्या पोत्यावर पाणी मारायची सवयच आहे. मी उघडून पाहिलं नाही. घरच्या माणसाने बांधलेलं पोतं होतं.

दुसऱ्या दिवशी भाईंदरपर्यंत बैलगाडीने आणि तिथून आगगाडीने मी ते पोतं नेलं. मुंबईत हमालाने विचारलं, "बाई, यात काय?" मी म्हटलं, "माती." तो म्हणाला, "इथे मिळत नाही काय?" त्याच्याशीही मी हमालीचा भाव केला.

दुकानाचा शेट गुजराती होता, पोट मोठं, बोलणं मऊ. मी पोतं त्याच्या पांढऱ्या गादीच्या कडेला ठेवलं तेव्हा त्याने पाय आत घेतले.

"बेसो ने, बेन. शू लाव्या? बटाटा?"

"जमीन आणली आहे. तिच्याजोगं यंत्र दाखवा."

तो आधी पोत्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मग उठला. एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन, तो हसला नाही.

तीन यंत्रं होती. पहिल्याला दोन मोठी लोखंडी चाकं आणि मागे पाती. ते सरळ रेषेत कितीही चालेल, शेट म्हणाला, पण वाफ्याच्या टोकाला वळवायला दोन धड हात हवेत. मी दांडे धरून वळवून पाहिलं, खांद्यातून कळ गेली, मी सोडून दिलं. दुसरं एका चाकाचं, मध्यम. ते वळत होतं, पण मला ढकलून न्यायला जड जात होतं आणि विहिरीच्या कठड्याजवळच्या अरुंद वाटेत ते अडकलं असतं. तिसऱ्याला ओढणारं चाक नव्हतंच. छोटं इंजिन थेट पात्यांच्या वर बसवलेलं, मागे दोन दांडे. मी ते डाव्या हाताने जमिनीवरून उचललं. चालू करायला दोरी होती. ती डाव्या हाताने ओढली, दुसऱ्या ओढीला इंजिन धरलं. दुकानातली कबुतरं उडाली. पेट्रोलही ते सगळ्यांत कमी प्यायचं.

"हे," मी म्हटलं.

"थांबा, बेन," शेट म्हणाला. "हलका मशीन नरम मातीसाठी. वजन नाय तर पाता आत कसा जाणार? कडक जमीन असेल तर मी नाय देणार, मधला घ्या. नंतर तुमी इथे येऊन माझा डोका खाणार."

"म्हणून तर आणली आहे. बघा."

पोतं उघडलं. शेटने वाकून हात घातला, एक मोठं ढेकूळ उचललं, अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला. मग त्याने ते कंबरेच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. ढेकूळ फुटलं आणि चहूकडे पसरलं.

"आ हा. ही तर लापशी हाय. मग हलकाच घ्या."

ढेकूळ फुटलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहत नव्हते. मी शेटच्या तोंडाकडे पाहत होते. सौदा करताना मी नेहमी तोंडाकडे पाहते. त्याला यंत्र खपवायची घाई आहे, हे मला दिसलं होतं, कारण वर धूळ होती आणि टाकीवरच्या चिठ्ठीचा रंग उन्हाने उडाला होता. मग मी सुरू केलं. तो जे म्हणाला त्याच्या निम्म्यावर मी आले, तो कपाळाला हात लावून बसला, मी उठले, दारापर्यंत गेले, त्याने हाक मारली. पुन्हा बसले. पात्यांचा एक जोड वर, तेलाचा डबा वर, दोरी जादा एक, आणि भाईंदर स्टेशनापर्यंत पोचतं करायचं त्याने.

"बेन, तुमी इथे दुकान टाका," शेट म्हणाला. "माझ्यासारखे दहा लोक तुमी बाजारातून उठवाल."

"तुम्ही एक उठा आधी, पावती करा."

पोतं परत नेण्यात अर्थ नव्हता. ते मी तिथेच सोडलं. येताना मला बरं वाटत होतं. नवरा गेल्यानंतर असं वाटलेलं ते पहिलंच असावं. आयुष्यात केलेल्या सौद्यांत तो सगळ्यांत चांगला सौदा होता, आणि भावाच्या बाबतीत अजूनही तसाच आहे.

यंत्र आलं. रविवारी मिस्सानंतर अर्धं गाव परसात जमलं. मी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, पोरांनी कानांवर हात ठेवले. मी पाती जमिनीवर टेकवली.

यंत्र उडालं. पुढे गेलं, बाजूला गेलं, माझ्या हातांना ओढत विहिरीकडे निघालं. खाली जमिनीवर कोंबडीने उकरल्यासारख्या चार रेघा.

"अगो, ही नांगरते का नाचते?" कोणी तरी म्हणालं.

"नाचूं दे, बाजा पन संगं हाय!"

मी पुन्हा टेकवलं. दांड्यांवर छाती टाकून जोर दिला. पुन्हा तेच. लोक जेवायची वेळ झाली म्हणून गेले. दीर शेवटपर्यंत माडाला टेकून उभा होता. मग जवळ येऊन म्हणाला, "वैनी, खांदा सांभाल." आणि गेला.

मी सोडून दिलं नाही. रात्रभर मुरेल म्हणून संध्याकाळी परसाला पाणी घातलं. सकाळी चिखल पात्यांत भरला आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. खराट्याच्या काडीने एकेक पातं साफ केलं. पाणी मुरून जमीन जरा सुकायची वाट पाहिली, तर ती वरून सुकली आणि खालून तशीच कडक. शेवटी स्वयंपाकघरातला पाटा आणला आणि वजन म्हणून इंजिनाच्या पुढे काथ्याने बांधला. तेव्हा पाती आत गेली. बोटभर गेली. पाच-सहा हात मी तशी गेले. मग ते एका दगडाला अडून वळलं आणि पाट्याच्या वजनाने मला घेऊन वळलं. तोच खांदा निखळला. पाट्याचा कोपरा फुटला. तो पाटा अजून माझ्याकडे आहे, चटणी वाटताना हात त्या कोपऱ्याला लागतो.

मी खाटेवर पडले होते तेव्हा सासूबाई आल्या. हातात पेजेची वाटी होती. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, मी वाट बगली."

"हो."

"दिवस न्हाय राहिलं."

"हो," मी म्हटलं. डाव्या हाताने वाटी उचलली.

दिराने आणि जावेने कुदळींनी परस उलथला. खिडकीतून मला कुदळीचे आवाज यायचे, दोन जड त्याचे, एक हलका तिचा. त्यांनी वाफे केले, मुळा पेरला आणि वांग्याची रोपं लावली. रोपं त्याच्या वाडीतून पाट्या भरभरून येत होती. मी खिडकीतून पाहिली. चांगली होती, बोटाएवढ्या जाड देठांची.

खांदा जरा बरा झाल्यावर मी मुंबईला गेले, भांडायला. शेटला काय काय बोलायचं ते गाडीत मनात मांडत गेले होते. दुकानात शिरले आणि आवाज चढवला, गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेट गादीवरून उठला, हात जोडले.

"बेन, माती तुमी आणली. मी विचारला की नाय? कडक असेल तर नाय देणार, बोललो की नाय?"

"माती मऊ होती म्हणून काय झालं? तुमच्या यंत्रात दम नाही!"

"दम?" शेटलाही आता राग आला. "या, इकडे या. बघा तुमची माती. माझ्या घरवालीने ठेवली."

दुकानाच्या मागच्या दारात तुपाचा एक डबा होता आणि त्यात तुळस. घमघमत होती. "असली माती मुंबईत मिळत नाय, बोलते ती," शेट म्हणाला. "काय सरस तुळस झाली, बघा."

मी वाकून पाहिलं. माती काळी होती. पोत्यात ओली होती म्हणून काळी दिसली असेल म्हणावं, तर आता ती वरून वाळलेली होती आणि तरी काळीच होती. मी बोट घातलं. बोटाला काटा लागला. बोंबलाचं मऊ हाड असतं तसं नव्हे, मांदेलीचा बारीक काटा. आणखी उकरलं. खवलं होती, चमकणारी.

माझ्या परसात मासळी कधी पडलेली नव्हती. माझ्या लग्नाच्या आधीपासून नाही.

"शू थयू, बेन?" शेट म्हणाला. त्याचा राग गेला होता. "पाणी देऊ?"

मी म्हटलं, "ही माझी माती नाही." आणि त्याची माफी न मागता बाहेर पडले. तेवढं त्याचं देणं माझ्याकडे आहे.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं. खोपटातून यंत्र काढलं, डाव्या हाताने ओढत माडांच्या पलीकडे नेलं, दिराच्या वाडीत, जिथे जमीन अजून मोकळी होती. दोरी ओढली. पाती टेकवली. ते आत गेलं. अलगद गेलं, वीतभर, आणि सरळ चालायला लागलं. एका हाताने धरलं तरी चालत होतं. मागे काळी माती भुसभुशीत पडत होती आणि तिच्यात खवलं चमकत होती. मी वाडीच्या टोकापर्यंत गेले, वळवलं, परत आले. खांदा दुखला नाही. मी यंत्र बरोबर निवडलं होतं. ती निवड फक्त त्याच्या जमिनीची होती.

आवाज ऐकून सगळे आले. मी इंजिन बंद केलं.

"पोत्यात ही माती भरलीस," मी म्हटलं.

दीर जमिनीकडे पाहत म्हणाला, "माती ती माती, वैनी. आता ध्यानात न्हाय."

"महिनाही झाला नाही."

"मधी कुदल आत जाय ना. घट झालेला. गेली तिथली काढली."

"कुदळ आत जात नाही, हेच तर मला दुकानदाराला दाखवायचं होतं!"

माझा आवाज इतका चढला की जावेने मुलांना आत नेलं. सासूबाई मध्ये आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग उलथलेल्या मातीकडे पाहिलं. त्या मूर्ख नव्हत्या. पण एक मुलगा त्यांचा समुद्रात राहिला होता आणि एक समोर उभा होता.

"चालतंय ना हिथं?" त्या म्हणाल्या. "मंग चालवा हिथं. फुकट कशाला ठेवायचा?"

असं यंत्रही त्याच्याकडे गेलं. त्याने ते कित्येक वर्षं चालवलं. तेल घालायचा, पाती घासायचा, पावसाळ्यात पोत्याने झाकायचा. वस्तू त्याने नीट वापरली, हे खोटं सांगणार नाही. मी बाजार चालू ठेवला. पुढे स्वतःची गाडी घेतली. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय त्याच्या. परसाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

आळस होता, असं मी स्वतःला फार वर्षं समजावलं. रविवारची सकाळ, घट्ट जमीन, दोन घाव घातले असतील आणि कंटाळून माडांपलीकडे गेला असेल. माणूस असं करतो. तसं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

पण मी भाजी विकून मोठी झालेली बाई आहे. वांग्याचं रोप पाहिलं की ते केव्हा टाकलं ते मला कळतं. त्याने परसात लावलेली रोपं, खिडकीतून मी पाहिलेली, बोटाएवढ्या देठांची, ती महिन्याच्या वरची होती. म्हणजे बी पडलं होतं मी मुंबईला जायच्या आधी. पोतं बांधायच्याही आधी. आणि त्याच्या वाडीत तेवढ्या रोपांना जागा नव्हती. दर वर्षी तो किती रोपं टाकतो ते मला माहीत होतं, त्याची वांगी मीच बाजारात नेत होते. त्या वर्षी रोपं दुप्पट होती.

आता तोही म्हातारा झाला आहे. ओट्याच्या त्याच्या टोकाला बसतो, माझ्या टोकाला मी. मध्ये भिंत नाही. दर नाताळला तो परसातल्या मुळ्याची जुडी माझ्या दारात ठेवतो. मी ती शिजवते आणि खाते. चव लागत नाही असंही नाही, मुळा मुळ्यासारखाच लागतो.

त्याला वाचता येतं. नाही आलं तर नातवंडं वाचून दाखवतील. तेव्हा भावजी, जहाजाचं मी कोणाला विचारू शकले नाही, तुला विचारू शकते. ओट्यावर बस, सगळ्यांना बोलाव, आणि ध्यानात न्हाय म्हणू नकोस. आगेऱ्याच्या आधी तू वांग्याचं दुप्पट बी टाकलंस. ती रोपं कोणाच्या जमिनीत लावणार होतास, ते सांग.